आत्यांची कवळी

६ नोव्हें., गुरुवार
सुट्टी. ह्यांना रविवार, मला गुरुवार, त्यामुळं एकमेकांची सुट्टी फक्त ऐकायची. ह्यांची फर्स्ट शिफ्ट, अंधारातच गेले चाकणला. ऋतू कॉलेजला. घरात मी आणि आत्या, ह्यांच्या आई.
काल वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. आत्यांजवळ बसल्या आणि दोन मिनिटांत ओढणी नाकाला लावली. आत्या आपल्या बोलतच होत्या, त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर्दी झाल्यापासून वास येतोय तोंडाला. कवळीवर पांढरट थर. रोज रात्री काढून डबीतल्या पाण्यात ठेवतात, सकाळी मी ब्रश मारून देते, तरी.
आज त्या गच्चीवर उन्हाला बसल्या तेव्हा नीटच साफ केली. पातेल्यात पाणी उकळलं, सोडा टाकला, कवळीवर ओतलं, झाकण ठेवलं. ऋतूच्या दुधाच्या बाटल्या अशाच उकळायचे. कपडे पिळून होईपर्यंत अर्धा तास गेला. चिमट्यानं काढून नळाखाली धरली. थर गेला, वास गेला, लख्ख. चला, एक काम झालं.

७ नोव्हें., शुक्र.
आत्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली. "बसंना झालीय गं कवळी. बोलताना खाली येलालीय." म्हटलं, सर्दीनं हिरड्या सुजल्या असतील, दोन दिवसांत होईल नीट.
मी डबा भरून निघाले. उशीर झाला होता.

८ नोव्हें., शनि.
आज वर्कशॉपमध्ये एक पूर्ण लॉट परत. आमच्याकडं प्लॅस्टिकची झाकणं निघतात, चाकणच्या गाड्यांना लागतात. माझं काम तपासणीचं. सपाट लोखंडी प्लेटवर झाकण ठेवायचं, एका कोपऱ्यावर बोट दाबायचं. दुसरा कोपरा उचलला तर वाकलंय, लाल पेटीत टाकायचं. आज दहातली सात वाकलेली. सुपरवायझर मशीनवाल्याला म्हणाला, "गरम असतानाच पेटीत कोंबलीस. प्लॅस्टिक आहे राव, गरम झालं की वाकणारच."
माझा हात तिथंच थांबला.
घरी आल्यावर आत्या देवापुढं बसल्या होत्या, कवळी डबीत. वरची घेतली, ओट्याच्या कडप्प्यावर ठेवली, एका बाजूला बोट दाबलं. दुसरी बाजू उचलली. परत दाबलं. परत उचलली.
आठ वर्षं हेच काम करतेय मी.
पुसून डबीत ठेवली. आत्यांनी विचारलं, "काय करलालीस मने?" म्हटलं, पाणी बदलतेय.

९ नोव्हें., रवि.
हे घरी. मटण आणलं. आत्यांनी रस्सा पिला, फोडी बाजूला सारल्या. बोलताना कवळी टकटक वाजते. हे म्हणाले, "आई, नीट दाबून बसव ना. सवय मोडली का तुझी?" आत्या म्हणाल्या, "दाबलीय रे बाबा. माझंच तोंड आकसलं असंल."
दोन वर्षांपूर्वी कवळी बसवली तो दिवस आठवला. त्याआधी दहा वर्षं तोंडात दात नव्हता. सगळे मिश्रीनं खाल्ले. औश्याहून आमच्याकडं राहायला आल्या तेव्हा भाकरी दुधात कुस्करून खायच्या, कुणी आलं की पदर तोंडावर. ह्यांनी मागं लागून कवळी बसवून घेतली. पहिल्या दिवशी आत्यांनी भाकरीचा कडक पापुद्रा मुद्दाम मागून घेतला आणि कुर्रकुर्र आवाज करत खाल्ला, आम्हाला ऐकू जावा म्हणून. ऋतूनं फोटो काढला. फोटोत सगळे दात दाखवून हसतायत.
संध्याकाळी कौसामावशींचा फोन. आत्यांची धाकटी बहीण, औश्यातच असते. रोज पाचला फोन, अर्धा-अर्धा तास. आज आत्यांनी हातानंच खूण केली, झोपलेय म्हण.
मी म्हणाले, झोपल्यात.
ह्यांना सांगायला हवं होतं. मटण खाताना नको वाटलं. मग ऋतू होती समोर. मग…

११ नोव्हें., मंगळ.
ह्यांनी मेडिकलमधून कवळी चिकटवायची पेस्ट आणली. सकाळी लावली, दुपारपर्यंत सुटली. पेस्टची चव तोंडात राहते म्हणून आत्या जेवल्याच नाहीत. आता मऊ भात, पातळ वरण, केळं. डाव्या गालाला हात लावून बसतात. विचारलं तर म्हणतात, "काय न्हाई."
कामावर दिवसभर ठरवलं, आज सांगायचं. घरी आले, कुकर लावला, झाडून घेतलं. सांगायचं ते राहिलंच. वेळ नव्हता असं नाही.

१३ नोव्हें., गुरु.
सगळं लिहून काढते. लिहिलं नाही तर माझं मलाच वेगळं आठवायला लागेल.
ह्यांची सेकंड शिफ्ट, सकाळ मोकळी. तिघं रिक्षानं दाताच्या मॅडमकडं गेलो. बाहेर बसलेल्या मुलीनं फॉर्म भरताना विचारलं, "तुमच्या आत्या का?" म्हटलं, सासूबाई, आमच्या लातूरकडं आत्याच म्हणतात. ती म्हणाली, "छान."
मॅडमनी कवळी काढून आत्यांचं तोंड बघितलं. वरच्या हिरडीला दोन ठिकाणी जखमा, टाळू लालभडक. "आजी, एवढं दुखत होतं तर आधी का नाही आलात?" आत्यांनी पदर तोंडावर घेतला. कवळीशिवाय परक्या माणसापुढं त्या बोलत नाहीत.
मग मॅडमनी कवळी त्यांच्याकडच्या साच्यावर ठेवून बघितली. दोनदा ठेवली. मला म्हणाल्या, "ही वाकलीय. गरम पाण्यात घातली होती का?"
मी म्हणाले, "नाही."
विचार करून नाही. आपोआप आलं तोंडातून, कुणी नाव विचारल्यावर नाव सांगावं तसं.
मॅडम आत्यांकडं वळल्या. "आजी, तुम्ही घातली होती का? चहाचं वगैरे गरम पाणी?" आत्यांनी मान हलवली, नाही. मॅडम म्हणाल्या, "गरम पाण्याशिवाय अशी वाकत नाही हो." तेव्हा हे म्हणाले, "आई, आठव. घातली असशील. परवा गॅसवर दूध विसरली होतीस."
दूध विसरल्या होत्या हे खरं. दूध मीसुद्धा विसरते.
आत्यांनी मांडीवरच्या हाताकडं बघितलं. मग पदराआडून म्हणाल्या, "घातली असंल. ध्यानात ऱ्हात न्हाई आता."
मी तिथंच होते. खुर्चीच्या मागं. त्यांची पिशवी माझ्या हातात होती.
मॅडमनी सांगितलं ते: जखमा भरेपर्यंत कवळी लावायची नाही. मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा. टाळूला बुरशी धरलीय, त्याची गोळी चघळायची. हिरड्या, जीभ, टाळू रोज ओल्या मऊ फडक्यानं पुसायचं, दात नसले तरी. दोन आठवड्यांनी नवीन माप. जुनी आता दुरुस्त होणार नाही. नवी आली की साधं गार पाणी, मऊ ब्रश, दातांची पेस्ट नाही. धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवायचं, पडली तर फुटू नये. आणि रात्री काढायचीच, हिरड्यांना आराम लागतो.
हे सगळं मॅडम आत्यांना सांगत होत्या, मोठ्या आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं.

१४ नोव्हें., शुक्र.
हे दुपारी कामाला निघताना सिलिंडरचा कॉक बंद करून गेले. आत्यांना म्हणाले, "आई, गॅसला हात लावायचा नाही. चहा लागला तर थर्मासमध्ये आहे. मनीषा आल्यावर करेल सगळं."
मी संध्याकाळी आले तर भाकरीचं पीठ परातीत मळून ठेवलेलं, वर ओलं फडकं. रोज मी यायच्या आत आत्यांच्या सहा भाकरी झालेल्या असतात. आज पिठाजवळ नुसत्या बसल्या होत्या.
मी भाकरी केल्या. माझ्या जाड होतात.

१६ नोव्हें., रवि.
ऋतूनं मोबाइलवर कसली तरी चाचणी काढली, म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीची. आजीला विचारत होती, "आजी, आज वार कोणता? महिना कोणता? शंभरातून सात वजा कर." प्रेमानंच विचारत होती. आत्यांना वार आला, महिना मराठी सांगितला, कार्तिक. ऋतू म्हणाली, "इंग्रजी सांग ना." वजाबाकी आली नाही. आत्या शाळेतच गेल्या नाहीत, शंभरातून सात कुठून वजा करणार.
हे बाजूला बसून ऐकत होते. नंतर आत मला म्हणाले, "हळूहळू होतं म्हणे हे. आपल्याला कळलंच नाही."
मी म्हणाले, "एवढं काही नाही हो, वय झालंय."
एवढंच म्हणाले. खरं बोलल्यासारखं वाटलं थोडं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

१९ नोव्हें., बुध.
पहाटे बाथरूममधून मिश्रीचा वास. दोन वर्षं सोडली होती. मॅडमनीच सोडायला लावली होती. कुठून मिळवली कुणास ठाऊक. हिरड्यांना जखमा असताना वरून मिश्री, आग आग होत असेल.
बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडं बघितलं. मी ओरडेन असं वाटलं असावं. मी कोणत्या तोंडानं बोलणार.
मीठपाणी दिलं. चुळा भरल्या. फडक्यानं हिरड्या पुसायचं अजून त्यांचं त्याच करतात, नीट होत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, घरातल्या कुणी करून दिलं तर बरं. मी फडकं भिजवून हातात देते आणि बाजूला होते.

२१ नोव्हें., शुक्र.
आत्यांचं ब्लाउज खांद्यावरून उतरतंय. वरच्या वहिनी म्हणाल्या, "आजी बारीक झाल्या हो." मग हळूच, "ऋतू म्हणाली, विसरायला लागल्यात?"
म्हणजे जिन्यापर्यंत पोचलं.

२४ नोव्हें., सोम.
ह्यांनी कंपनीतल्या कुणाला तरी विचारून निगडीच्या डोक्याच्या डॉक्टरचा नंबर लावलाय. पुढच्या सोमवारी. आत्यांना सांगितलं नाही, नुसतं तपासायला जायचंय म्हणाले. आत्यांनी काही विचारलं नाही. आधी त्या सगळं विचारायच्या. रिक्षा कुठल्या रस्त्यानं जाते इथपासून.
कौसामावशींचा फोन आता येत नाही. पंधरा दिवस "झोपल्यात" ऐकून त्यांनी करायचाच सोडला.

२५ नोव्हें., मंगळ.
कामावरून लवकर सुटले, मशीन बंद होतं. दार उघडून आत आले तर आत्या खिडकीशी बसून पुटपुटत होत्या. वाटलं जप चाललाय. चपला काढता काढता शब्द कानावर आले.
"पैलं पाटलाचं. मग बाजूला शिंप्याचं. शिंप्याच्या घरात तीन पोरं. मग सुताराचं, दारात लिंबाचं झाड. मग मारुतीचं देऊळ. मग आमचं. मग भागुबाईचं…"
थांबल्या. भागुबाईनंतर अडलं. परत पहिल्यापासून. "पैलं पाटलाचं. बाजूला शिंप्याचं." दातांशिवाय श नीट येत नव्हता, तरी प्रत्येक घर. भागुबाईच्या पुढचं घर तिसऱ्या वेळी आठवलं तेव्हा मांडीवर थाप मारली, हळूच.
मी आत आलेली कळलीच नाही. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.
स्वतःची परीक्षा घेत होत्या. किती दिवस घेत असतील. आम्ही सगळे गेल्यावर, रोज, एकट्या.

२६ नोव्हें., बुध.
सांगितलं. आत्यांना.
हे कामावर, ऋतू क्लासला. आत्या शेंगा सोलत होत्या. समोर खाली बसले. म्हणाले, आत्या, कवळी तुम्ही नव्हती घातली गरम पाण्यात. मी घातली. त्या गुरुवारी तुम्ही गच्चीवर होतात तेव्हा. मॅडमनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.
हात थांबले. पहिलं वाक्य त्यांचं:
"म्हंजी मी घातली नव्हती?"
"नाही."
"माझं डोकं ठिकाणावर हाय?"
"आहे आत्या."
डोळे मिटले. मोठा श्वास सोडला, बराच वेळ अडवून धरलेला असावा तसा. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. मीच रडायला लागले, तेव्हा म्हणाल्या, "तू कशाला रडलालीस."
मग शेंगा परत हातात घेतल्या. दोन-तीन सोलल्या. आणि माझ्याकडं न बघता, "गरम पाण्याचं ठाऊक नव्हतं मला. चिमट्याचं ठाऊक व्हतं."
मी खाली पडलेली टरफलं गोळा करायला लागले.
"दोन वर्सं बघलालीय. चिमट्यानं उचलतीस. ब्रश मारताना तोंड फिरवतीस. मी म्हणलं, किळस येत असंल, तरनी हाय. आपली आपण धुवावी तर हात कापतेत."
कुणाला दिसत नाही असं वाटायचं मला. इथंसुद्धा सहा तारखेला "चिमट्यानं काढून" असं सहज लिहून गेलेय, आता वाचलं.
म्हणाल्या, "अंकुशला सांगितलंस?" ह्यांचं नाव.
म्हटलं, नाही.
"सांग." आणि शेंगांचं ताट उचलून आत गेल्या.

२७ नोव्हें., गुरु.
सुट्टी. मॅडमकडं माप. जखमा भरल्यात, टाळूचा लालपणा कमी.
काल रात्री हे आले तेव्हा झोपेचं सोंग घेतलं. सकाळी सांगायचं ठरवलं होतं. सकाळी रिक्षा येईपर्यंत सांगितलं नाही. रिक्षात आत्या मध्ये बसल्या होत्या. एकदासुद्धा माझ्याकडं बघितलं नाही.
माप घेऊन झालं. तोंडात तो गुलाबी लगदा घालतात, आत्यांना उबळ आली, पण धरून बसल्या. मॅडम हात पुसता पुसता म्हणाल्या, "आजी, आता नवी आली की गरम पाणी अजिबात नाही हं. लक्षात ठेवायचं."
आत्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. थांबल्या. मॅडम पण थांबल्या, काय झालं म्हणून. हे मोबाइल बघत होते.
मी म्हणाले, "मॅडम, त्यांनी नव्हती घातली. मी घातली होती. त्या दिवशी मी खोटं सांगितलं."
मॅडम म्हणाल्या, "होतं असं बऱ्याच जणांकडून. निदान आता कळलं." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांच्यासाठी एवढंच होतं ते.
हे रिक्षात बाहेर बघत बसले. घरी आल्यावर डबा न घेताच कामाला गेले, एक तास आधी.

२८ नोव्हें., शुक्र.
सकाळी हे ओट्याखाली वाकले आणि सिलिंडरचा कॉक उघडला. बाहेर जाऊन आत्यांना म्हणाले, "आई, भाकरी कर वाटलं तर." आत्या म्हणाल्या, "करीन." दोघांनी एवढंच.
मग आत येऊन माझ्याशी. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
"सोमवारी मी तिला डोक्याच्या डॉक्टरकडं नेणार होतो मनीषा."
"हो."
"तू ऐकत होतीस. मी नंबर लावत होतो तेव्हा तू इथं कांदा चिरत होतीस."
"हो."
"मी तिच्याशी कसा बोललो पंधरा दिवस. गॅसला हात लावू नको. आम्हा तीन भावंडांना तिनं चुलीवर रांधून मोठं केलंय." मग, "माझी पण चूकच आहे. मला लगेच पटलं कसं."
मी सॉरी म्हणाले. ते म्हणाले, "मला नको म्हणू."
संध्याकाळी आले तेव्हा सहा भाकरी झालेल्या. एकीचा पापुद्रा सुंदर सुटला होता. आत्यांनी स्वतः त्यातली घेतली नाही, घेता येत नाही. दुधात कुस्करून खाल्ली, पदराआड.

४ डिसें., गुरु.
मेणाची कवळी तोंडात घालून बघितली, दात ओठाबाहेर येतात का वगैरे. मॅडमनी आरसा दिला. आत्यांनी आरशात बघितलं आणि परत दिला. मागच्या वेळी आरसा सोडतच नव्हत्या.
माझ्याशी बोलतात. मीठ दे, दार लाव, ऋतू आली का. त्याच्या पलीकडं नाही. टाकून बोलत नाहीत, टोमणा नाही. ह्यांच्याशी पूर्वीसारखं.
ऋतूला मीच सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू तेव्हाच सांगितलं असतंस तर दोन मिनिटांचा विषय होता." खरंय. मग म्हणाली, "मी आजीला शंभरातून सात वजा करायला लावलं." आणि आजीजवळ जाऊन बसली, बराच वेळ.
वरच्या वहिनींनाही सांगायला हवं. जिन्यात भेटल्या. नुसतं हसले.

७ डिसें., रवि.
वर जाऊन सांगितलं. आजींना काही विसर पडत नाही, माझी चूक होती म्हणाले. त्या "अगं असू दे" म्हणाल्या आणि चहा टाकला. मी गेल्यावर हे त्या कुणाकुणाला सांगतील ते ऐकू येत होतं बसल्या बसल्या. सांगू देत. आत्यांचंही त्यांनी सांगितलंच होतं ना.

११ डिसें., गुरु.
नवी कवळी आली. वरची-खालची दोन्ही. बसली छान. मॅडमनी "साठ-एकसष्ट-बासष्ट" म्हणायला लावलं, आत्यांनी स्पष्ट म्हटलं. हे पहिल्यांदा हसले इतक्या दिवसांत.
मॅडमनी धुवायचं परत दाखवलं, आत्यांनाही आणि मलाही. ह्या वेळी मी कवळी हातात घेतली. नुसत्या हातात. कोमट होती, तोंडातून नुकतीच काढलेली. काही झालं नाही मला. एवढंच होतं ते, दोन वर्षं.
आत्या बघत होत्या. मॅडमनी कवळी माझ्याकडून घेऊन परत त्यांना दिली.
पाच वाजता आत्यांनी स्वतः कौसामावशींना फोन लावला. दार ओढून घेतलं होतं, तरी हसण्याचा आवाज आला. काय सांगितलं बहिणीला माहीत नाही. सगळं सांगितलं असेल तर बरोबरच आहे.

१३ डिसें., शनि.
आत्या कवळी स्वतः धुतात. बाथरूममध्ये, आतून कडी लावून. खाली घमेलं ठेवतात, आवाज येतो. हात कापतात त्यांचे. मी बाहेर उभी राहते, पडल्याचा आवाज येतो का ऐकत.
"मी देऊ का धुऊन?"
"ऱ्हाऊ दे."

१५ डिसें., सोम.
आज कळलं. रात्री कवळी काढतच नाहीत.
नवी डबी आणलीय मॅडमकडून, रोज पाणी भरून उशाशी ठेवते. सकाळी पाणी असतं, मला वाटलं कवळी काढून लावून झाली असेल. आज पहाटे पाणी प्यायला उठले तर आत्या तोंड उघडं ठेवून झोपल्या होत्या, आणि दात. दिवस-रात्र तोंडातच. चार दिवस.
सकाळी म्हटलं, "आत्या, रात्री काढायची आहे ना. मॅडम म्हणाल्या हिरड्यांना आराम लागतो."
"तोंडातच बरी हाय."
"परत बुरशी धरेल. जखमा होतील."
"होऊ देत. जागेवर तर ऱ्हाईल."
आवाज साधा. भाकरी थापता थापता म्हणाल्या.

१६ डिसें., मंगळ.
ह्यांना सांगितलं. कालच, ते आल्या आल्या. ते आईजवळ बसले, समजावलं. आत्या "बरं" म्हणाल्या. रात्री ह्यांच्यासमोर काढून डबीत ठेवली. हे खूश.
सकाळी पाचला मी उठले तेव्हा डबीत नुसतं पाणी. ह्यांची पाठ वळली की परत तोंडात घातली असावी. ह्यांना अजून सांगितलं नाही. सांगेन. नाही, आजच सांगते, नुसतं ह्या वहीत लिहून भागणार नाही.

१७ डिसें., बुध.
सांगितलं. ते म्हणाले, "मी काय करू आता, तोंडात हात घालून काढू?" मग म्हणाले, "तुमचं दोघींचं आहे ते."
संध्याकाळी मी आत्यांजवळ बसले. म्हणाले, मी हात लावणार नाही कवळीला. डबी तुमच्या ट्रंकेत ठेवा, कुलूप लावा, किल्ली तुमच्याकडं. पण काढून झोपा. तुमच्या हिरड्या मला फडक्यानं पुसू द्या नाहीतर तुमच्या तुम्ही पुसा, पण आराम द्या. माझा राग हिरड्यांवर नका काढू.
शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.
आत्या म्हणाल्या, "राग न्हाई मने. भरवसा न्हाई." मग, "त्यो काय कुलपानं येतोय का."
उद्या गुरुवार, मॅडमकडं आठवड्याचा चेकअप. मॅडम तोंड उघडायला लावतील आणि पहिलं हेच विचारतील, आजी, रात्री काढता ना. आत्या काय सांगतील मला माहीत नाही. नंतर मॅडम माझ्याकडं बघतील.
खरं सांगितलं तर आत्यांना मॅडमसमोर उघडं पाडल्यासारखं होईल, परत एकदा, माझ्याच तोंडून. नाही सांगितलं तर…
रिक्षा दहाला सांगितलीय.